शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांनी नोंदणीचे नूतनीकरण कसे करावे : बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सर्जनना साहाय्य करणाऱ्या परिचारिकेला कोणी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणते, कोणी थिएटर सिस्टर, तर हजेरीपटावर तिची नोंद स्क्रब नर्स अशी असते. अशा परिचारिकेच्या फाईलमध्ये साधारणपणे जीएनएमची (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची) पदविका किंवा बीएस्सी नर्सिंगची पदवी, नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र, असल्यास ऑपरेशन रूम नर्सिंगची एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आणि बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे, कार्ड इतके कागद असतात. यांपैकी कशाची मुदत संपते आणि कशाची संपत नाही, याबद्दल अनुभवी सिस्टरांच्या मनातही गोंधळ आढळतो, म्हणून सुरुवात तेथूनच करणे बरे.

पदविका आणि पदवी यांना मुदत नसते. ऑपरेशन रूम नर्सिंगची पोस्ट बेसिक पदविका ही शैक्षणिक पात्रता आहे. ती एकदा मिळाली की आयुष्यभर आपली असते आणि तिचे नूतनीकरण करण्याचा प्रश्न येत नाही. नूतनीकरण करावे लागते ते राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडील नोंदणीचे, कारण परिचारिका म्हणून काम करण्याचा कायदेशीर अधिकार त्या नोंदणीतून मिळतो. पोस्ट बेसिक पदविका घेतली असेल तर ती कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घ्यावी लागते. अनेक जणी हे काम राहू देतात, आणि नूतनीकरणाच्या वेळीच ते उरकून घेणे सोयीचे पडते. बीएलएसचे कार्ड मात्र वेगळे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीचे कार्ड दोन वर्षांपुरते चालते आणि ते प्रशिक्षण केंद्रातून नव्याने घ्यावे लागते, त्याचा कौन्सिलच्या मुदतीशी संबंध नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. अमेरिकेसारख्या देशात सर्जनच्या पहिल्या साहाय्यकाचे काम करणाऱ्या परिचारिकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र असते, तसे स्वतंत्र नोंदणीपद आपल्याकडे नाही. संकेश्वर किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये सिस्टर रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला धरण्याचे उपकरण) धरते, सक्शन करते, टाक्याचा दोरा कापते. हे सारे ती सर्जनच्या देखरेखीखाली, नोंदणीकृत परिचारिका या नात्यानेच करत असते. त्यामुळे उद्या एखाद्या शस्त्रक्रियेवरून ग्राहक आयोगात किंवा पोलिसांत तक्रार गेली, तर थिएटरमध्ये हजर असलेल्या परिचारिकेची नोंदणी त्या तारखेला चालू होती का, हा प्रश्न अगदी सुरुवातीला विचारला जातो. मुदत संपल्यानंतर दोन महिन्यांनी नूतनीकरण केले, तर पुढच्या कामाचा प्रश्न सुटतो; मधल्या दोन महिन्यांतील केसेसबद्दलचा प्रश्न सुटत नाही.

ओटी टेक्निशियन म्हणून काम करणाऱ्यांनी हे मार्गदर्शन स्वतःला लागू करून घेऊ नये. त्यांचा व्यवसाय २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली येतो आणि त्यांची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे होत नाही. एकाच थिएटरमध्ये, एकसारखा हिरवा गाऊन घालून दोघे शेजारी उभे असले, तरी कागदपत्रांचा मार्ग वेगळा आहे. पुरुष परिचारकांना, म्हणजे रुग्णालयात ज्यांना ब्रदर म्हणतात त्यांना, पुढील सर्व गोष्टी जशाच्या तशा लागू आहेत.

नाव कोणत्या राज्याच्या पटावर आहे, ते आधी पाहावे

बेळगाव जिल्ह्यात काम करणाऱ्या परिचारिकेची नोंदणी बेंगळूरु येथील कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलकडे असावी लागते. हे कौन्सिल १९६१ च्या कर्नाटकातील परिचारिका, प्रसविका (मिडवाइफ) व आरोग्य अभ्यागत (हेल्थ व्हिजिटर) यांच्याविषयीच्या कायद्याखाली चालते. महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालील महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे आणि तिचे कार्यालय मुंबईत आहे. गोव्यात नोकरी करणाऱ्यांसाठी गोव्याचे स्वतंत्र कौन्सिल आहे. देशाच्या इतर भागांतील परिचारिकेला या तिन्हींची एकाच वेळी माहिती ठेवण्याची गरज बहुधा पडत नाही. आपल्याकडे मात्र शिक्षण मिरजेला, सासर निपाणीत आणि नोकरी बेळगावात, किंवा माहेर चंदगड तालुक्यात, शिक्षण बेळगावच्या नर्सिंग कॉलेजात आणि नोकरी गोव्यातील बांबोळीला, असे नकाशे घरोघरी सापडतात.

नियम मात्र सरळ आहे : नोंदणीचे राज्य ठरते ते कामाच्या ठिकाणावरून. घर कोठे आहे, मतदान कोठे होते, रेशन कार्ड कोणत्या राज्याचे आहे, याचा येथे संबंध नाही. निपाणीत राहून रोज कोल्हापूरच्या रुग्णालयात जाणाऱ्या परिचारिकेला महाराष्ट्राची नोंदणी हवी, आणि चंदगडहून बेळगावला येऊन काम करणाऱ्या परिचारिकेला कर्नाटकाची हवी. शिक्षण संपताच ज्या राज्यात पहिली नोंदणी झाली तीच पुढे वर्षानुवर्षे चालवत राहणे आणि काम दुसऱ्या राज्यात करणे, हा सीमाभागातील सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित घोटाळा आहे. छोट्या रुग्णालयांत कोणी विचारत नाही म्हणून तो चालून जातो. पण रुग्णालयाने एनएबीएचसाठी, म्हणजे गुणवत्तेच्या मान्यतेसाठी, अर्ज केला आणि तपासणीसाठी परिचारिकांच्या फाइली उघडल्या गेल्या की पहिली हरकत येथेच निघते.

म्हणून नूतनीकरणाचा अर्ज भरण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र समोर घेऊन त्यावरील कौन्सिलचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. परिचारिका आणि प्रसविका अशा दोन्ही नोंदी असल्यास दोन्हींचे क्रमांक उतरवून घ्यावेत. कामाचे राज्य आणि नोंदणीचे राज्य एकच असेल तर सरळ नूतनीकरणाच्या कामाला लागावे. वेगळे असेल तर जुन्या कौन्सिलकडून ना हरकत पत्र आणि नोंदणीची पडताळणी घेऊन नव्या कौन्सिलकडे परस्पर (रेसिप्रोकल), म्हणजे जुन्या राज्याच्या नोंदणीच्या आधारे होणाऱ्या, नोंदणीचा अर्ज करावा लागतो. या कामात क्रम महत्त्वाचा आहे. जुनी नोंदणी संपू देऊन मग ना हरकत पत्र मागायला गेल्यास आधी नूतनीकरण करून या, असेच उत्तर मिळते, आणि मग दोन राज्यांची दोन कामे एकामागून एक करावी लागतात. बदलीचा किंवा लग्नानंतर दुसऱ्या राज्यात जाण्याचा विचार पक्का असेल, तर जुनी नोंदणी चालू असतानाच ना हरकत पत्राचा अर्ज करावा, आणि नव्या राज्याचा क्रमांक हातात येईपर्यंत जुनी नोंदणी जिवंत ठेवावी.

दीडशे तास

भारतीय परिचर्या परिषदेने, म्हणजे रोजच्या बोलण्यातील इंडियन नर्सिंग कौन्सिलने, नूतनीकरणासाठी पाच वर्षांची मुदत आणि त्या पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर नर्सिंग शिक्षण असा निकष घालून दिला आहे. याचा हिशोब वर्षाला ३० तास असा होतो. एका दिवसाच्या कार्यशाळेचे सहा ते सात तास धरले, तर वर्षातून चार-पाच दिवस शिक्षणासाठी काढावे लागतात. वॉर्डमधील परिचारिकेला हे फारसे जड जात नाही, पण थिएटरमधील परिचारिकेची गोष्ट निराळी आहे. कार्यशाळा सकाळी नऊला सुरू होते आणि नेमकी तीच वेळ पहिल्या केसची असते. बदली स्क्रब नर्स नसेल तर मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, सोडत नाहीत, आणि त्यात त्यांचाही दोष म्हणता येत नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मेट्रनशी किंवा थिएटर इन्चार्जशी बोलून, यादीतील शस्त्रक्रिया कमी असतात असे दिवस लेखी मागून घ्यावेत. पाचव्या वर्षी शंभर तास एकदम गोळा करण्याची वेळ आली, तर त्या वर्षातील बहुतेक सुट्या त्यातच जातात.

तास मोजले जाण्यासाठी कार्यक्रमाला राज्य कौन्सिलची पूर्वमान्यता असावी लागते. हा मुद्दा सर्वांत अधिक फसवा आहे, कारण थिएटरमध्ये शिकण्याच्या संधी पुष्कळ असतात आणि त्यांतील बऱ्याचशा मोजल्या जात नाहीत. शस्त्रक्रियेचे स्टेपलर किंवा ऊती कापण्याचे नवे ऊर्जा उपकरण विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी येऊन दुपारी दोन तास प्रात्यक्षिक दाखवतो, सर्जनांच्या परिषदेत परिचारिकांसाठी एक सत्र होते, रुग्णालयात जंतुसंसर्ग प्रतिबंधावर अंतर्गत व्याख्यान होते. ज्ञान म्हणून हे सारे उपयोगाचे आहे, पण कौन्सिलची मान्यता नसेल तर त्याचे प्रमाणपत्र फाईलची जाडी वाढवण्यापलीकडे काही करत नाही. कार्यक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांकडे मान्यतेचे पत्र मागावे. मिळालेल्या प्रमाणपत्रावर आपले नाव नोंदणीवर आहे तसेच, नोंदणी क्रमांक, कार्यक्रमाची तारीख, तासांची किंवा क्रेडिटची संख्या आणि मान्यतेचा संदर्भ हे सर्व आहे की नाही, ते सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे. नंतर आयोजक सापडत नाहीत.

बेळगावात नर्सिंग महाविद्यालये आणि मोठी शिक्षण रुग्णालये असल्यामुळे मान्यताप्राप्त कार्यशाळा शहरात होत असतात. अथणी, रायबाग किंवा खानापूरच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांना प्रवासाचा वेळ धरून बेत करावा लागतो. कोल्हापूर आणि मिरज जवळ असल्यामुळे तेथील कार्यशाळांना जाण्याचा मोह होतो. त्या कार्यक्रमांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता असते, आणि कर्नाटकाची नोंदणी असलेल्या परिचारिकेने ते तास आपोआप धरले जातील असे गृहीत धरू नये. आपल्या कौन्सिलला आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि ते उत्तर प्रमाणपत्रासोबत जोडावे. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या शाखांचे कार्यक्रमही अधूनमधून होतात. तेथेही मान्यता कोणत्या राज्याच्या कौन्सिलची आहे, हे विचारावेच.

विषय निवडताना थिएटरच्या कामाला थेट उपयोगी पडतील असे घ्यावेत, असे माझे मत आहे, जरी कौन्सिलला कोणताही मान्य विषय चालत असला तरी. निर्जंतुकीकरणाचे शास्त्र, ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) १२१ आणि १३४ अंश सेल्सिअसच्या चक्रांतील फरक, रासायनिक व जैविक निर्देशकांचे वाचन, स्पंज आणि उपकरणांची मोजणी, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांतील वर्गीकरण, जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी, हे विषय वरवर ओळखीचे वाटतात, पण रोजच्या सवयीत नेमके हेच ढिले पडतात. त्या तपासणी यादीचे तीन टप्पे, म्हणजे भूल देण्यापूर्वीचा, छेद घेण्यापूर्वीचा आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वीचा, मिळून १९ बाबी आहेत, आणि त्यांतील शेवटच्या टप्प्यात मोजणी जुळल्याचे तोंडी सांगण्याची जबाबदारी परिचारिकेचीच असते. घाईच्या सिझेरियनमध्ये सर्वांत आधी गाळला जातो तोही हाच टप्पा.

अनुभवाची नोंद वेगळी ठेवणे हा नूतनीकरणाचा भाग नसला तरी उपयोगी आहे. शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार, आपली भूमिका स्क्रबची (टेबलापाशी उपकरणे देण्याची) होती की सर्क्युलेटिंगची (बाहेरून सामान पुरवण्याची), इतके एका वहीत लिहीत जावे. रुग्णाचे नाव, आयपी (दाखल रुग्णाचा) क्रमांक किंवा मोबाईलवर काढलेले ओटी रजिस्टरचे छायाचित्र मात्र स्वतःजवळ ठेवू नये. ती रुग्णाची गोपनीय माहिती आहे.

नावाचा ताळमेळ

सीमाभागातील अर्ज रखडण्याचे सर्वांत मोठे कारण शुल्क किंवा तास हे नसून नाव हे असते. अर्जदाराची ओळख आधारवरून पटवली जाते, आणि आधार, दहावीचे गुणपत्रक, नर्सिंगची पदविका, जुने नोंदणी प्रमाणपत्र यांवरील नावे जुळली नाहीत तर अर्ज परत येतो. आपल्याकडे नावे न जुळण्याची कारणे तीन आहेत, आणि पुष्कळदा तिन्ही एकाच व्यक्तीच्या कागदांवर दिसतात.

पहिले कारण नावाच्या मांडणीचे. महाराष्ट्रातील दाखल्यांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, अशी पद्धत आढळते. कर्नाटकातील गुणपत्रकावर उमेदवाराचे नाव आणि वडिलांचे नाव वेगळ्या ओळींत असते, आणि काही जुन्या कागदांवर आडनावाऐवजी नुसती आद्याक्षरे असतात. दुसरे कारण इंग्रजी अक्षरांचे. मराठी वळणाने सुनीता, सविता, ज्योती ही नावे लिहिताना ‘त’साठी टी वापरतात, आणि कन्नड वळणाने लिहिणारा कारकून टीएच लावतो. मराठी शाळेत टी, नर्सिंग स्कूलमध्ये टीएच, आणि आधार केंद्रावर जो ऑपरेटर भेटला त्याच्या मर्जीप्रमाणे काहीतरी, अशी अवस्था होते. तिसरे कारण लग्नाचे. आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलतात, पण पदविका माहेरच्या नावाची असते.

यावर उपाय करताना कोणता कागद कोणत्या कागदासारखा करायचा, हे आधी ठरवावे. माझा सल्ला असा की दहावीचे गुणपत्रक मूळ धरावे आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे, कारण गुणपत्रक आणि पदविका बदलण्यापेक्षा आधार बदलणे कितीतरी सोपे आहे. नोंदणी माहेरच्या नावाने चालू असेल आणि बँक, पासपोर्ट, सेवापुस्तक यांत अडचण येत नसेल, तर लग्नानंतर नोंदणीतील नाव बदललेच पाहिजे असे नाही. ते बदलण्याचा निर्णय घेतल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि कौन्सिलने मागितल्यास राजपत्रातील प्रसिद्धी यांची तयारी ठेवावी. एका अक्षराच्या फरकासाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. त्यात चुकीची आणि बरोबर अशी दोन्ही रूपे कागदाच्या नावासह लिहिलेली असावीत. मोघम मसुदा परत येतो.

गावाच्या नावाची काळजी करण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर जुने नाव असणार हे उघड आहे, आणि तेवढ्यावरून अर्ज अडत नाही. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक मात्र अवश्य तपासावा. तो वडिलांचा, पतीचा किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा असेल तर ओटीपी येणार नाही आणि अर्ज पहिल्याच पानावर थांबेल. क्रमांक आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलून घेता येतो. काही टपाल कार्यालयांतही ही सोय आहे.

अर्ज

नावांचा ताळमेळ बसला आणि तास पूर्ण असले की उरलेले काम तुलनेने सोपे आहे. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी तयारीला लागावे, म्हणजे आधारची दुरुस्ती किंवा एखादे हरवलेले प्रमाणपत्र परत मिळवण्यास सवड राहते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नोंदणी व मागोवा प्रणालीत, म्हणजे एनआरटीएसमध्ये, प्रत्येक परिचारिकेला एनयूआयडी नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक अजून घेतला नसेल, तर नूतनीकरणाच्या आधी ते काम करावे. पूर्वीच कार्ड मिळाले असेल तर त्यावरील क्रमांक आणि जन्मतारीख आधारशी पडताळून घ्यावी. अर्ज आपल्या राज्याच्या कौन्सिलच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरायचा असतो. संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या व्हॉट्सअॅप संदेशातून घेऊ नये. आपल्या नर्सिंग कॉलेजच्या कार्यालयातून किंवा मेट्रन ऑफिसमधून खात्री करून घ्यावा.

कागदपत्रांत जुने नोंदणी प्रमाणपत्र, आधार, दहावीचे गुणपत्रक, पदविका किंवा पदवी, निरंतर शिक्षणाची प्रमाणपत्रे, अलीकडचे छायाचित्र आणि सध्याच्या रुग्णालयाचे सेवापत्र इतके तयार असावे. खासगी रुग्णालयाचे सेवापत्र लेटरहेडवर असावे. केपीएमई, म्हणजे कर्नाटकातील खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या, कायद्याखालील रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक त्यावर असल्यास उत्तम. अतिरिक्त पात्रता नोंदवायची असेल तर पोस्ट बेसिक पदविकेची गुणपत्रके आणि प्रमाणपत्र हेही लागेल. कागद मोबाईलने टिपण्याऐवजी झेरॉक्सच्या दुकानात किंवा ग्राम वन (कर्नाटक सरकारच्या सेवा देणाऱ्या) केंद्रात नीट स्कॅन करून घ्यावेत, कारण सावली पडलेल्या, कडा कापलेल्या प्रतींवर हरकत निघते. स्कॅन करून घेतल्यावर त्या संगणकावरील आपल्या फाइली पुसायला सांगाव्यात.

कौन्सिलची परिपत्रके कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतात. मराठी शाळेतून आलेल्यांना कार्यालयीन कन्नड जड जाते, आणि बोलता येणारे कन्नड तेथे पुरत नाही. अंदाजाने अर्थ लावण्यापेक्षा परिपत्रक एखाद्या कन्नड सहकारी सिस्टरकडून शब्दशः समजून घ्यावे. थिएटरमध्ये अशी मैत्रीण नसणे आपल्याकडे विरळाच. अर्ज इंग्रजीत भरता येतो आणि पत्रव्यवहारही इंग्रजीत करता येतो.

शुल्क कौन्सिलच्या पानावरूनच ऑनलाईन भरावे आणि पावती लगेच उतरवून घ्यावी. खात्यातून रक्कम गेली आणि अर्जावर शुल्क बाकी दिसत राहिले, तर तिथल्या तिथे दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक घेऊन एक-दोन दिवस थांबावे, मग बँकेकडे आणि कौन्सिलकडे लेखी विचारणा करावी. ‘बेंगळूरुला ओळख आहे, तासांचे मी बघतो’ असे सांगणारे मध्यस्थ प्रत्येक मोठ्या नर्सिंग कॉलेजच्या आसपास भेटतात. तासांची खोटी प्रमाणपत्रे पकडली गेली, तर ज्याने ती दिली त्याचे काही बिघडत नाही. ज्या परिचारिकेने सादर केली तिच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते.

बेंगळूरु बेळगावपासून सुमारे पाचशे किलोमीटर आहे, तेव्हा समक्ष जाण्याची वेळ आलीच तर मूळ कागद, त्यांच्या दोन-दोन साक्षांकित प्रती, अर्जाची प्रत आणि पावती बरोबर घेतल्याशिवाय रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रेल्वेत बसू नये. त्याआधी ईमेल करून नेमकी हरकत कोणती, ते विचारावे. बऱ्याच हरकती एखादा कागद पुन्हा अपलोड केल्याने मिटतात.

मुदत उलटून गेली असल्यास

बाळंतपण, घरातील आजारपण, गाव बदलणे यामुळे चार-पाच वर्षे काम सुटले आणि नोंदणीची मुदत उलटून गेली, असे पुष्कळ जणींच्या बाबतीत घडते. अशा वेळी नाव पटावरून कायमचे गेले असे समजून खचून जाऊ नये. विलंब शुल्क भरून आणि राहिलेले तास पूर्ण करून नोंदणी पुन्हा चालू करता येते; जितका उशीर तितका खुलासा आणि कागद अधिक, इतकेच. कामावर असताना मुदत संपल्याचे लक्षात आले, तर ते झाकून थिएटरमध्ये उभे राहू नये. त्याच दिवशी मेट्रनना लेखी कळवून नूतनीकरणाचा अर्ज करावा आणि प्रमाणपत्र येईपर्यंत कोणते काम करायचे, याचा निर्णय त्यांच्याकडून लेखी घ्यावा. रुग्णालयाचे व्यवस्थापन क्वचित ‘चालवून घ्या’ असे तोंडी सांगते. त्या तोंडी शब्दाला पुढे कोणी मालक राहत नाही.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला असून तो १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. या कायद्यातही राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील नोंदवह्यांची रचना आहे, तेव्हा ‘आता नवे आयोग येणार, जुने नूतनीकरण कशाला’ हा थिएटरच्या चेंजिंग रूममधील युक्तिवाद ऐकू नये. ज्यांची नोंदणी चालू आहे, त्यांनाच कोणत्याही बदलात कमी त्रास होतो.

आखाती देशांत किंवा युरोपात जाण्याचा विचार असलेल्यांनी नूतनीकरणासोबत कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचे, म्हणजे नोंदणी चालू व निर्दोष असल्याचे, प्रमाणपत्र मागून ठेवावे. तिकडील भरती संस्था मूळ कौन्सिलकडून पडताळणी करून घेतात आणि मुदत संपलेल्या नोंदणीवर ती पुढे सरकत नाही. अमेरिकेत शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांसाठी सीएनओआर आणि पहिल्या साहाय्यकासाठी सीआरएनएफए अशी प्रमाणपत्रे आहेत, त्यांचेही नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते. तिकडून परतून बेळगावात काम करू इच्छिणाऱ्यांना ही प्रमाणपत्रे पगार ठरवताना उपयोगी पडतील, पण कर्नाटकातील नोंदणीच्या जागी ती चालत नाहीत.

नवे प्रमाणपत्र हाती आले की लॅमिनेशनच्या दुकानात जाण्यापूर्वी ते अक्षर न् अक्षर वाचावे : नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, दोन्ही नोंदणी क्रमांक, अतिरिक्त पात्रतेची नोंद आणि मुदतीची तारीख. चूक आढळल्यास त्याच आठवड्यात कौन्सिलला पावती क्रमांकासह लेखी कळवावे. एक प्रत मेट्रन ऑफिसच्या फाईलला लावून पोच घ्यावी; सरकारी रुग्णालयात असल्यास सेवापुस्तकात नोंद झाली की नाही, हे आस्थापना शाखेत जाऊन स्वतः पाहावे. दोन रुग्णालयांत काम करणाऱ्या सिस्टरांनी, विशेषतः ज्या संध्याकाळी दुसऱ्या नर्सिंग होममध्ये केसला जातात त्यांनी, तेथेही प्रत द्यावी, आणि ते नर्सिंग होम राज्याच्या सीमेपलीकडे असेल तर तेथील कौन्सिलच्या नोंदणीचा प्रश्न आधी सोडवूनच जावे.